कोलनचें पाणी

ज्वरानें तापलेल्या कपाळावर कोलनवॉटरची घडी ठेवण्याची चाल आपल्याकडे होती. त्यामुळें त्या वासासरशीं आम्हांस आजारपणच आठवतें. वस्तुतः त्याच्या मुळाशीं आम्हांस मायभूमीची ओढ दिसते. इटलींत १६८५ सालीं जन्मलेला योहान मारिया फारिना जर्मनींतील कोलन शहरीं येऊन राहिला. १७०८ सालीं त्यानें भावास लिहिलें कीं, आपण सिद्ध केलेल्या सुगंधानें पाऊस पडून गेल्यावरची इटलींतील वसंतप्रभात आठवते. नांव मात्र त्यानें नव्या नगराचें दिलें. बर्गमॉट, लिंबू, संत्रें यांचीं तेलें मद्यार्कांत मिसळलेलें हें पाणी नेपोलियनासही अतिप्रिय होतें. मद्यार्क झटकन उडतो, म्हणून कपाळ निवतें. तेलेंही चंचल, म्हणून सुगंध टिकत नाहीं. चंदनतेलावर उतरविलेल्या अत्तराचा रेंगाळणारा दरवळ त्यास नाहीं. पण प्रभात तरी कोठें टिकते? परदेशस्थास ती घटकाभर परत मिळाली, हें थोडें नव्हे.