परतीची वाट

शिरूर, दौंडसारख्या गावांत टीव्हीची केबल गच्च्यांवरून गेलेलीच होती. मग त्याच वायरीतून इंटरनेट द्यायला केबलवाल्याला काय लागलं असतं? परवा सहज हिशोब मांडून बघितला.

मार्च १९९७ मध्ये डॉक्सिस १.० हे मानक आलं. त्यासाठी कंट्रोल रूममध्ये एक खास राउटर लागायचा, सीएमटीएस. सिस्कोच्या यूबीआर ७२४६ मध्ये केबल कार्डांसाठी चार स्लॉट होते. आधी एक कार्ड घ्या, गिऱ्हाईक वाढलं की पुढचं. छोट्या धंद्याला सोयीचं!

पण खरी मेख वेगळीच. टीव्हीचा सिग्नल एकाच दिशेनं जातो, जुने अँप्लिफायरही तसेच. इंटरनेटला ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये परतीची वाट हवी, आणि प्रत्येक घरातल्या सैल जोडाचा गोंगाट तिथेच गोळा होतो. म्हणजे राउटर हप्त्याहप्त्यानं घेता येतो, पण त्या कार्डावरच्या लाइनीचे सगळे अँप्लिफायर एकदमच बदलावे लागतात.

२००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. तेवढ्यासाठी देशभर अनेक केबलवाल्यांनी सरळ लॅनची वायर आणि स्विच टाकले. तेव्हा मला तो जुगाड वाटायचा. आता वाटतं, गणित त्यांनाच कळलं होतं.