तळटीप : ‘सेटल्ड स्टेटस’

‘सेटल्ड स्टेटस’ म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये कायम राहण्यासाठी मिळणारा दर्जा. युरोपीय संघातील देश, आइसलँड, नॉर्वे, लिख्टेनस्टाइन व स्वित्झर्लंड यांचे नागरिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी ही योजना ३० मार्च २०१९ रोजी पूर्णपणे खुली झाली. आयरिश नागरिकांना अर्ज करण्याची गरज नव्हती. मुख्य अट होती ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये वास्तव्य सुरू झालेले असण्याची. सलग ५ वर्षांचा रहिवास असल्यास ‘सेटल्ड’, त्याहून कमी असल्यास ‘प्री-सेटल्ड’ दर्जा मिळे. मूळ नियमानुसार १२ महिन्यांच्या कोणत्याही काळात एकूण ६ महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास, काही अपवाद वगळता, रहिवास खंडित मानला जाई. अर्ज विनाशुल्क होता.

अर्जाची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ रोजी संपली. त्यानंतरच्या अर्जासाठी उशिराचे सबळ कारण द्यावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पात्र मुलांसाठी जन्मापासून ३ महिन्यांची मुदत ठरवण्यात आली.

गोवेकरांशी या योजनेचा थेट संबंध आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात जन्मलेल्यांच्या आधारे अनेक कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवले आणि स्विंडनसारख्या शहरांत संसार थाटले. पोर्तुगीज पासपोर्टमुळे ते युरोपीय नागरिक म्हणून पात्र ठरले. भारतीय पासपोर्ट असलेल्या पती वा पत्नीला मात्र कुटुंबीय म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागला.