खुंटी, वलणी, हँगर

मोहोळकडच्या जुन्या माळवदाच्या घरात कपड्यांना दोनच जागा असत. जाड भिंतीत ठोकलेली लाकडी खुंटी आणि वर दोन दोऱ्यांना आडवी टांगलेली बांबूची वलणी. लुगडं, धोतर, उपरणं यांना खांदा नसतो. घडी करून वलणीवर टाकलं की झालं. पटका, बंडी खुंटीवर. बांबू मोडला तर चुलीत जाई.

हँगर आला तो शिवलेल्या खांद्याच्या मागोमाग. कोट खुंटीला अडकवला की मानेपाशी फुगवटा येतो. अमेरिकेत न्यू ब्रिटनच्या ओ. ए. नॉर्थ यांनी १८६९ मध्ये कपडे टांगायच्या आकड्याचं पेटंट घेतलं. तारेच्या हँगरची कथा मिशिगनमधल्या जॅक्सनची. तिथल्या टिंबरलेक कंपनीत दिव्यांच्या शेडचे तारेचे सांगाडे बनत. १९०३ मध्ये अल्बर्ट पार्कहाउस हा कामगार कामावर आला, तर कोटासाठी एकही खुंटी रिकामी नाही. त्याने हाताशी पडलेली तार वाकवून दोन खांदे आणि वर आकडा केला, असं त्याच्या घरचे सांगत आले. पेटंट त्याच्या नावाने निघालं नाही, याची चुटपुट लागते. १९३२ मध्ये स्कायलर ह्यूलेट यांनी तारेवर पुठ्ठ्याची नळी चढवली, म्हणजे कपड्याला वळ पडत नाही.

इथवर या घराण्यात कचरा नव्हता. तार आजही भंगारवाला लोखंडात घेतो, पुठ्ठा रद्दीत जातो. घडी बिघडली ती प्लास्टिकपाशी. सोलापुरात शिवलेला गणवेश असो की मुंबईहून आलेला शर्ट, तयार कपड्याबरोबर न मागता हँगर घरी येतो. कधी पॉलिस्टायरीनचा, कधी पॉलिप्रॉपिलीनचा. दिसायला सारखे, पण वितळवल्यावर एकमेकांत नीट मिसळत नाहीत. त्यात पोलादी आकडा, तो दळणयंत्राची पाती खराब करतो. म्हणून भंगारवाला पुष्कळदा नको म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

माझं म्हणणं एवढंच, की हँगर दुकानातच राहू द्यावा. पैसे देतानाच काढून परत करावा. दुकानदाराला तो पुढच्या मालासाठी चालतो. तारेचे साठले की इस्त्रीवाल्याकडे द्यावेत, त्याला रोज लागतात. घरात मोडलेला प्लास्टिकचा असेल तर आधी आकडा पिळून ओढावा. फिरता आकडा बहुधा निघतो. तो लोखंडात टाकावा. उरलेल्या प्लास्टिकवर त्रिकोणातला अंक पाहावा: ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले, तर भंगारवाल्याशी निदान बोलता येतं.