जुलमी राजवट आणि व्यापाऱ्याचा धर्म

व्यापारात सचोटी असावी, ही शिकवण आपल्या ज्ञातीतील मुलांस लहानपणापासून मिळते. माप खरे असावे, दिलेला शब्द पाळावा, देणे वेळेवर फेडावे. परंतु एवढ्याने सचोटी पुरी होते काय? या प्रश्नाचा विचार करताना जर्मनीतील एका पेढीचा इतिहास सुज्ञ वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

एरफुर्ट शहरी १८७८ साली योहान आंद्रेआस टॉफ यांनी 'टॉफ आणि पुत्र' ही पेढी स्थापन केली. बिअरसाठी लागणारे धान्य तयार करण्याची यंत्रे हा तिचा मुख्य धंदा. पुढे ती नगरपालिकांसाठी शवदाहाच्या भट्ट्याही बांधू लागली. मृतदेहाची विटंबना होऊ नये, एकाची रक्षा दुसऱ्याच्या रक्षेत मिसळू नये, असा तेथील १९३४ चा कायदा होता. आणि या कामातील काळजीबद्दल पेढीचा लौकिक होता.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. संस्थापकाचे नातू लुडविग व अर्न्स्ट वोल्फगांग हे त्याच वर्षी नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३९ पासून जवळच्या बुखेनवाल्ड छळछावणीसाठी भट्ट्यांची मागणी येऊ लागली. मग आउशवित्झची आली. तेथे सुमारे ११ लक्ष माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य ज्यू होते. त्यांची प्रेते जाळणाऱ्या भट्ट्या याच पेढीच्या होत्या. इतकेच नव्हे, तर १९४३ मध्ये विषारी वायूच्या तळघरांतील हवा खेचून घेण्याची यंत्रेही तिच्या कारागिरांनी स्वतः तेथे जाऊन बसविली. आपण काय बांधतो आहोत, हे त्यांस दिसत होते.

हा व्यवहार पेढीच्या एकूण उलाढालीच्या अवघा २ टक्क्यांच्या आसपास होता. तो नाकारल्याने दिवाळे निघाले नसते. सक्ती झाल्याचा पुरावाही इतिहाससंशोधकांस मिळालेला नाही. सरकारी मागणी इतर मागण्यांसारखीच आली. आराखडे निघाले, पावत्या झाल्या, सौजन्याची पत्रे लिहिली गेली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. याच मालकांनी आपल्या कारखान्यातील, ज्यांच्या मातापित्यांपैकी एक ज्यू होते अशा काही नोकरांस आश्रय दिला होता. म्हणजे आपल्या माणसांविषयी माया त्यांच्या ठायी होती. ती कारखान्याच्या फाटकाबाहेर मात्र गेली नाही.

पराभवानंतर ३१ मे १९४५ रोजी लुडविगने आत्महत्या केली. मुख्य अभियंता कुर्ट प्रुफर १९५२ साली सोव्हिएत कैदेत मरण पावला. अर्न्स्ट वोल्फगांगला कधीच शिक्षा झाली नाही. त्याने १९५१ साली काढलेली नवी पेढी १९६३ साली बुडाली. एरफुर्टच्या त्या जुन्या कचेरीत २०११ पासून स्मारक व संग्रहालय आहे.

आपली संस्था ज्ञातिबांधवांच्या अडीअडचणीस धावून जाते, हे भूषणास्पदच होय. परंतु आपुल्यांपुरता पाळलेला धर्म अपुरा असतो, हे या इतिहासाने दाखविले आहे. मागणी कोणाची आहे, किंमत चोख मिळेल काय, हे दुकानदार विचारतोच. आपला माल कोणाच्या गळ्याशी जाणार आहे, हेही त्याने विचारले पाहिजे. आणि उत्तर पटले नाही तर, मागणारा राजा असला तरी, नकार देण्याचे धैर्य दाखविले पाहिजे. आपल्या तरुण पिढीस वडिलोपार्जित पेढीबरोबर हे धैर्यही लाभो, अशी आमची प्रार्थना आहे.