सरपण, चूल आणि सन्मान्य काम : ग्रामीण स्त्रीश्रमाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
स्वयंपाकासाठी व उजेडासाठी स्वच्छ आणि परवडणारी ऊर्जा न मिळणे म्हणजे घरगुती ऊर्जादारिद्र्य होय. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 'सन्मान्य काम' ही संकल्पना मांडली. रास्त मोबदला, सुरक्षितता व सामाजिक संरक्षण ही तिची प्रमुख अंगे आहेत. ग्रामीण स्त्री अशा कामापासून दूर का राहिली, याचे एक उत्तर तिच्या चुलीच्या इतिहासात सापडते.

वनकायदा आणि सरपण :
१८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलातून परवानगीवाचून लाकूड आणणे हा गुन्हा ठरविला. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात वनखात्याच्या जाचावर टीका केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनविषयक आयोग नेमावा लागला. सरपण आणणे हे मुख्यतः स्त्रियांचे काम असल्याने वाढलेली पायपीटही त्यांच्याच वाट्याला आली.

मोजणीबाहेरचे श्रम :
स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने घरकामासोबत सरपण व चारा गोळा करणाऱ्या स्त्रियांना '९३' हा संकेतांक देऊन श्रमशक्तीबाहेर ठेवले. स्त्रीच्या वेळेला किंमत नसली की सरपण 'फुकटचे' ठरते. मजुरी अपुरी म्हणून गॅस परवडत नाही आणि सरपणात वेळ जातो म्हणून नियमित कामावर जाता येत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. २०१३ मध्ये श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणे हेही 'काम' मानले.

शासकीय धोरण :
१९८० च्या दशकातील राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाचा भर धूर कमी करणे व इंधन वाचविणे यांवर होता. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४९ टक्के कुटुंबे लाकडावरच स्वयंपाक करीत होती. १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी स्त्रीच्या नावे दिली. योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे बचत गटांच्या मेळाव्यात देण्यात आली. मात्र महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार लाभार्थी वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच भरून घेत होते. म्हणजे जोडणी मिळाली, तरी चूल विझली नाही.

निष्कर्ष :
ऊर्जादारिद्र्य हा केवळ इंधनाचा नव्हे, तर स्त्रीच्या वेळेच्या मूल्याचा प्रश्न आहे. इंधनाचे धोरण व रोजगाराचे धोरण स्वतंत्रपणे आखल्यास दोन्ही अपुरी पडतात. गावाजवळ रास्त मजुरीचे काम असेल, तरच सिलिंडर पुन्हा भरला जाईल आणि वाचलेला वेळ खऱ्या अर्थाने स्त्रीचा होईल.