प्रतिकृतीत न मावणारी दरज

चंडीगड म्हटले की काँक्रीट, असे समीकरण पक्के झाले आहे. सचिवालय, विधानभवन आणि उच्च न्यायालय यांचे कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर ते अधिकच घट्ट झाले. पण मंत्र्यापासून शिपायापर्यंत या शहरातली माणसे राहायला आली ती प्रामुख्याने विटेच्या घरांत. फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबला राजधानी हवी होती. १९५१ मध्ये वास्तुविशारद ल कॉर्बुझिए आला. त्याने नगराचा आराखडा आणि कॅपिटॉल हाती घेतले. घरांचा भार पडला पिएर जनरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांच्यावर आणि ए. आर. प्रभावळकर, आदित्य प्रकाश, यूली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांवर. सरकारी घरांचे हुद्द्यानुसार १३ प्रकार ठरले. सेक्टर २२ आधी उभा राहिला आणि त्याच्या भिंतींवर वीट उघडी राहिली. या विटेच्या शहराचा इतिहास मात्र आपण नकाशे आणि प्रतिकृती पाहून लिहिला, म्हणून विटेच्या भिंतीचे रूप ठरवणारी दरज, म्हणजे दोन विटांमधली फट, आणि ती भरणारा गवंडी, दोघेही त्यातून निसटले.

प्रतिकृतींचा या शहराशी जुना संबंध आहे. ज्ञानी रतनसिंग या कारागिराने जनरे आणि कॉर्बुझिए यांच्यासाठी लाकडाच्या प्रतिकृती घडवल्या. सेक्टर १० मधल्या वास्तुकला संग्रहालयात, कधीच न बांधल्या गेलेल्या राज्यपाल-निवासाची प्रतिकृती पाहायला मिळते. इमारतीचा घाट, सावली, प्रमाण हे सारे त्या लाकडात उतरते. दरज उतरत नाही, आणि त्याचे कारण कारागिराचे कौशल्य कमी पडते हे नव्हे. हिशेब सोपा आहे. आपली नेहमीची वीट ९ इंच लांब आणि ३ इंच उंच. बाहुलीघराच्या प्रचलित १:१२ या प्रमाणात ती पाऊण इंच लांब आणि पाव इंच उंच होते, आणि १० मिलिमीटरची दरज एक मिलिमीटरच्याही आत येते. तरीही हौशी लोक विटांच्या पातळ चकत्या दोरी लावल्यासारख्या ओळीत चिकटवतात, फटींत मसाला चोळतात आणि तो पुरता वाळण्याआधी ओल्या स्पंजने विटेचे तोंड पुसून घेतात. मसाला भरेपर्यंत चकत्या सुट्या दिसतात, भरल्यावर तिथे भिंत दिसू लागते. पण वास्तुविशारदाची प्रतिकृती १:१०० ची असेल, तर तीच दरज मिलिमीटरच्या दहाव्या भागावर येते. तिथे हात आणि डोळा दोन्ही हरतात, आणि भिंत म्हणजे एक सपाट फळी उरते.

खऱ्या भिंतीवर मात्र सगळे याच फटीत ठरते. वीट आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो. प्रत्येक थर दोरीला आणि ओळंब्याला धरून जातो. मसाला ओला असतानाच दरज साधारण अर्धा इंच खोल खरवडतात, झाडून धुतात आणि मग एकास तीन प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा मसाला दाबून भरतात. भिंतीला गिलावा होणार असेल तर वाकडा थर झाकला जातो. उघड्या विटेत तो जन्मभर दिसतो. चंडीगडच्या घरांवरच्या विटांच्या जाळ्यांत तर उभी दरज भरायचीच नाही, मोकळी ठेवायची. वारा आणि उजेड तिथून आत येतो. ती मोकळी जागा एका थरात वाढली आणि दुसऱ्यात घटली, की नक्षी बिघडलीच.

यावर कोणी म्हणेल, वीट ही निवड नव्हती, नाइलाज होता. सिमेंट आणि पोलाद दुर्मिळ, पैसा तुटपुंजा. मैदानातली माती आणि आसपासच्या वीटभट्ट्या तेवढ्या हाताशी. हे खरेच आहे. पण स्वस्ताईने फार तर वीट का आली हे कळते. ती उघडी, नेटकी आणि टिकाऊ कशी राहिली हे कळत नाही. शिवाय साठच्या दशकात खुद्द कॉर्बुझिएने कला महाविद्यालयासाठी उघडी वीटच घेतली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जाळी, खोल सज्जे, भिंतीची ठेवण हे सारे वास्तुविशारदाने आखले, गवंड्याने फक्त बांधले. आखणीचे श्रेय त्यांचेच, त्यात वाद नाही. पण कागदावरची रेघ दरज किती खोल खरवडायची हे सांगू शकली, तरी हजारो दरजांत हात सारखा ठेवण्याचे काम तिला जमत नाही. कॅपिटॉलच्या काँक्रीटवर उमटलेल्या फळ्यांच्या खुणा माणसाच्या हाताची साक्ष म्हणून जगभर नावाजल्या जातात. तोच न्याय सेक्टर २२ मधल्या शिपायाच्या घराला का नको?

आखणे आणि बांधणे यांतला हा भेद फक्त श्रेयापुरता नाही, त्याचा परिणाम दुरुस्तीवर होतो. इमारतीचा वारसा तिच्या आकारात आहे असे मानले, की भिंतीवर गिलावा चढवणे किंवा विटेला रंग फासणे निरुपद्रवी वाटते. आकार तर तोच राहतो! वारसा दरजेतही आहे असे मानले, तर काम बदलते. झिजलेला मसाला हाताने खरवडायचा, विटेच्या कडा जपायच्या, मूळ मसाल्याशी जुळणारा मसाला भरायचा आणि भरलेल्या दरजेवर पाणी मारत राहायचे. हे काम संथ आहे, त्याला जाणता गवंडी लागतो, आणि तसे गवंडी तयार करणे हाही जतनाचाच भाग आहे. चंडीगडच्या संग्रहालयांनी प्रतिकृतींच्या शेजारी खऱ्या मापाची एक हातभर भिंत उभारावी: अर्धी दरज खरवडलेली, अर्धी भरलेली. शहर कसे आखले गेले हे प्रतिकृती सांगतील, ते कसे बांधले गेले हे त्या भिंतीवरून कळेल.