डिजिटल ग्रँड पियानो

डिजिटल ग्रँड पियानो हे ग्रँड पियानोचा आकार, पट्ट्यांचा स्पर्श आणि नाद यांचे इलेक्ट्रॉनिक साधनांनी अनुकरण करणारे वाद्य आहे. यात तारा व ध्वनिफलक नसतात; ध्वनी संगणकीय प्रक्रियेतून तयार होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. उच्च श्रेणीच्या काही वाद्यांत खऱ्या ग्रँड पियानोसारखी लाकडी पट्ट्यांची व हातोड्यांची यंत्रणा बसवलेली असते. अशा वाद्यांना हायब्रिड किंवा संकरित पियानो म्हणतात. ही वाद्ये पारंपरिक, म्हणजेच अकूस्टिक, ग्रँड पियानोची जागा घेऊ शकतात काय, हा वादक आणि शिक्षक यांच्यातील चर्चेचा विषय आहे. सरावाच्या वाद्यापुरते दोहोंतील अंतर बरेच कमी झाले आहे. मैफलीच्या बाबतीत ते कायम आहे.

पारंपरिक पियानोची रचना

इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी इ.स. १७०० च्या सुमारास पियानोची निर्मिती केली. त्यांनी १७२० मध्ये बनवलेला पियानो न्यू यॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात असून, उपलब्ध पियानोंपैकी तो सर्वांत जुना मानला जातो. आधुनिक पियानोत ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. तारांचा एकत्रित ताण जवळपास २० टनांपर्यंत जात असल्याने त्या बिडाच्या चौकटीवर ताणलेल्या असतात. मैफलीसाठीचा ग्रँड पियानो सुमारे २.७५ मीटर लांब आणि जवळपास ५०० किलो वजनाचा असतो.

पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते. तारेचे कंपन घोडीमार्फत लाकडी ध्वनिफलकात पोहोचते. तार स्वतः फारच थोडी हवा हलवते; श्रोत्याला ऐकू येणारा ध्वनी मुख्यतः या फलकाचा असतो.

डिजिटल पियानोचा विकास

१९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ ही प्रमाणपद्धती प्रचारात आली. १९८४ मध्ये आलेल्या कर्झवाइल २५० या वाद्यात खऱ्या पियानोच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा वापर होता. या पद्धतीला सॅम्पलिंग म्हणतात. २००९ मध्ये रोलँड कंपनीने व्ही-पियानो सादर केला. त्यात मुद्रित नमुन्यांऐवजी तार, हातोडी आणि फलक यांच्या गणिती प्रतिकृतीवरून ध्वनी तयार होतो. त्याच वर्षी यामाहाचा अव्हांटग्रँड एन३ हा हायब्रिड पियानो बाजारात आला. त्याची खोली सुमारे १.२ मीटर आहे. २०१५ मध्ये कॅसिओने जर्मनीतील बेखश्टाइन या पियानोनिर्मात्यांच्या सहकार्याने हायब्रिड वाद्ये सादर केली.

तुलना

स्पर्श

पियानोच्या यंत्रणेत हातोडी तारेवर आदळण्याच्या किंचित आधी पट्टीपासून सुटी होते आणि उरलेले अंतर स्वतःच्या वेगाने कापते. त्यानंतर वादकाच्या बोटाचा तिच्यावर ताबा राहत नाही. त्यामुळे एकट्या स्वराची तीव्रता आणि पोत ही प्रामुख्याने हातोडीच्या वेगावर ठरतात. हा वेग संवेदकांनी अचूक मोजता येतो, म्हणूनच स्पर्शाच्या बाबतीत डिजिटल वाद्ये मूळ पियानोच्या सर्वाधिक जवळ पोहोचली आहेत. हायब्रिड पियानोत यंत्रणाच खरी असल्याने पट्टीचे वजन, तिची परत येण्याची गती आणि तोच स्वर झपाट्याने पुन्हा वाजवण्याची सोय जवळपास सारखीच मिळते.

सहकंपन

डॅम्परचे पेडल दाबल्यावर सर्व तारा मोकळ्या होतात आणि वाजवलेल्या स्वराबरोबर इतर ताराही झंकारतात. आधीच कंप पावणाऱ्या तारेवर पुन्हा हातोडी पडली, तर प्रत्येक वेळी थोडा वेगळा ध्वनी उमटतो. सुटा मुद्रित नमुना अशा क्षणाक्षणाला बदलणाऱ्या अवस्था पकडू शकत नाही. नव्या वाद्यांत सहकंपनाची गणिते स्वतंत्रपणे केली जातात. आर्नोल्ड श्योनबेर्ग यांच्या १९०९ मधील तीन पियानोरचनांपैकी पहिलीत काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरून त्यांच्या तारा केवळ सहकंपनाने वाजवायच्या असतात. असा परिणाम उत्तम डिजिटल वाद्यावर साधता येतो. मात्र हेन्री कॉवेल यांची ‘द बॅन्शी’ ही रचना थेट तारांवर बोटे फिरवून वाजवायची असल्याने तारा नसलेल्या वाद्यावर ती वाजवणे शक्य नाही.

ध्वनीचा प्रसार

ग्रँड पियानोचा मोठा फलक आणि वर उघडलेले झाकण यांमुळे ध्वनी अनेक दिशांनी पसरतो व सभागृहाच्या भिंतींवरून परततो. डिजिटल वाद्यात हे काम मोजके स्पीकर करतात. वादकाच्या आसनावर किंवा हेडफोनमध्ये फरक कमी जाणवतो. दालन जसजसे मोठे होते, तसतसा तो स्पष्ट होत जातो.

देखभाल आणि हवामान

दमट हवेत ध्वनिफलक फुगतो, घोडी वर उचलली जाते आणि तारांचा ताण वाढून स्वर चढतात. कोरड्या हवेत याच्या उलट घडते. मुंबई, कोकण आणि गोवा येथे पावसाळा व हिवाळा यांतील आर्द्रतेचा फरक मोठा असल्याने पियानोची नियमित जुळवणी आवश्यक ठरते. तारांना गंज चढणे, नमद्याला कसर लागणे आणि लाकडाला वाळवी लागणे हेही धोके असतात. डिजिटल पियानो बेसूर होत नाही आणि आवाज कमी करून रात्रीही वाजवता येतो. सदनिकांमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी सोय आहे. मात्र हायब्रिड पियानोतील लाकडी व नमद्याच्या भागांची निगा राखावीच लागते.

आयुर्मानाबाबत परिस्थिती उलटी आहे. पारंपरिक पियानोच्या तारा व हातोड्या बदलून तो अनेक दशके वापरता येतो. डिजिटल वाद्याचे सुटे इलेक्ट्रॉनिक भाग बाजारातून नाहीसे झाले, की दुरुस्ती अवघड होते.

शिक्षण आणि मैफल

असोसिएटेड बोर्ड ऑफ द रॉयल स्कूल्स ऑफ म्युझिक या ब्रिटिश संस्थेच्या परीक्षा भारतातही घेतल्या जातात. वजनदार पट्ट्या, पूर्ण आकाराचा पट्टीफलक आणि पेडल अशा अटींवर ही संस्था डिजिटल पियानोला मान्यता देते. याउलट वॉर्सा येथील आंतरराष्ट्रीय शोपँ पियानो स्पर्धेत स्पर्धकांना निरनिराळ्या निर्मात्यांच्या पारंपरिक मैफली पियानोंतून निवड करावी लागते. केवळ डिजिटल वाद्यावर तयारी केलेल्या विद्यार्थ्याला अनोळखी पियानोचा नाद व दालनाचा प्रतिसाद ऐकून वादन बदलण्याचा सराव वेगळा करावा लागतो. कारण प्रत्येक पारंपरिक पियानोचा स्वभाव निराळा असतो.

मिश्र पर्याय

काही पारंपरिक पियानोंमध्ये संवेदक बसवलेले असतात. हातोडी तारेपर्यंत पोहोचू न देता हेडफोनमध्ये डिजिटल ध्वनी ऐकण्याची सोय असलेले ‘सायलेंट’ पियानो १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. अन्य काही वाद्यांत पियानोचा ध्वनिफलकच स्पीकरप्रमाणे वापरून डिजिटल ध्वनी ऐकवला जातो. अशा वाद्यांत तारा कायम ठेवून निःशब्द सरावाची सोय मिळते; परंतु जुळवणीचा खर्च आणि जागेची गरज टळत नाही.